‘लामा’ लिहिता, तसं कारणही लिहा

सिविक सेंटर, भिलाई

माननीय आरोग्यमंत्री, छत्तीसगढ शासन,
आणि माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र शासन,



एकच पत्र तुम्हा दोघांना लिहिते आहे, कारण ज्या माणसांबद्दल लिहायचं आहे ती तुमच्या दोन राज्यांच्या सरहद्दीवर राहतात. गडचिरोली जिल्ह्यातली कोरची आणि इकडचं मोहला-मानपूर यांच्यात जंगल एक, गोंडी बोली एक, सोयरीकही एकमेकांत. राज्याची हद्द त्यांच्या मधून गेली, पण देवाच्या जत्रेला आणि लेकीच्या सासरी जाणं काही थांबलं नाही. आजारपणातही तसंच. जिकडे गाडी मिळेल, जिकडे कुणी ओळखीचं असेल, तिकडे ही माणसं जातात. मी मूळची गोंदियाची. लग्न होऊन भिलाईत आले, या भागातल्या सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. पत्र मराठीत लिहिलं आहे. रायपूरला त्याची हिंदी प्रत वेगळी पाठवली आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. आदिवासी पेशंटसाठी दवाखाना सुरक्षित आहे की नाही, हे आज डॉक्टर ठरवतात, अधिकारी ठरवतात, वर्षातून एकदा तपासणीला येणारं पथक ठरवतं. ज्याच्यासाठी दवाखाना आहे त्याला कुणी विचारत नाही. ते ठरवण्याचा अधिकार त्याला द्या.

मी राहते तिथून महात्मा गांधी कला मंदिर जवळ आहे. छत्तीसगढी लोककलेचे कार्यक्रम तिथे मी किती पाहिले असतील! या गावाला लोककलेची कदर आहे, हे मी अभिमानाने सांगते. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाईंना भिलाई इस्पात संयंत्राने नोकरी दिली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांना घरचं कुणी मोठं झाल्यासारखं वाटलं. रंगमंचावर गोंदलेले हात आणि चांदीचे दागिने दिसले की सभागृह टाळ्यांनी भरून जातं. तेच गोंदलेले हात सलाईन लावायला पुढे आले की वॉर्डात काय बोललं जातं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. “शीर सापडत नाही, सगळं काळं करून ठेवलंय.” बाईला हिंदी कळत नाही असं समजून बोललेलं असतं. तिला शब्द कळत नसतील. आवाजातली चीड कळते.

एक उदाहरण सांगते. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण असं कुठेही घडतं. मानपूरकडची एक वयस्क बाई रात्री दाखल झाली. ताप होता, धाप लागत होती, अंगात रक्त फारच कमी होतं. सोबत मुलगा, दोन सुना आणि गावातले एक म्हातारे होते. गार्डने एकालाच आत सोडलं. आयाने विचारलं, “पहिली काबर नइ आएव?” आधी का आला नाहीत, एवढंच. पण असं विचारलं की माणूस आधी गुन्हेगार ठरतो आणि मग पेशंट. गळ्यातला सुता हा दागिना आणि मण्यांची माळ काढायला लावली. नमुन्यासाठी रक्त घेतलं, थोड्या वेळाने आणखी घेतलं. मग मुलाला सांगितलं की आईला रक्त चढवावं लागेल, तू रक्त दे. आधी आईचं रक्त काढून नेलं आणि आता माझं मागताहेत, हे त्याच्या डोळ्यांनी पाहा. कुठली नळी कशासाठी, हे त्याला त्याच्या बोलीत सांगणारं त्या मजल्यावर कुणीही नव्हतं.

सकाळी मी ड्युटीवर आले तेव्हा खाट रिकामी होती. रजिस्टरमध्ये ‘फरार’ अशी नोंद झाली होती. राउंडला कुणीतरी म्हणालं, ये लोग ऐसे ही होते हैं, आणि राउंड पुढच्या खाटेकडे गेला.

त्यांच्याकडच्या एका मितानिनशी, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेशी, माझी ओळख होती. तिच्याकडून पुढे कळलं, की ते म्हातारे गावचे बैगा, म्हणजे पुजारी-वैदू, होते. रात्रभर ते फाटकाबाहेर बसून होते. आत देवाचं नाव घेऊ देत नाहीत, बाहेर चूल पेटवू देत नाहीत, आणि रक्त काढतच चाललेत. मग बाई मरायचीच असेल तर घरी मरू दे, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मला यात अडाणीपणा दिसत नाही. जेवढी माहिती त्यांना दिली गेली होती, तेवढ्यावरून कुणीही शहाणा माणूस हेच ठरवेल.

वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेलेल्या पेशंटला आमच्याकडे ‘लामा’ म्हणतात, महाराष्ट्रात ‘डामा’. सही किंवा अंगठा घेतला की दवाखान्याची जबाबदारी संपते. का गेले, यासाठी कागदावर रकाना नाही, असला तरी त्यात ‘पेशंटची इच्छा’ असं लिहून मोकळं होतात. मला वाटतं, आदिवासी भागातल्या कुठल्याही दवाखान्याचं खरं प्रगतिपुस्तक म्हणजे हे लामा आणि फरारचं रजिस्टर. ते कुणी उघडून वाचत नाही.

आमच्याच पेशातल्या एका बाईने याचा विचार फार पूर्वी केला. न्यूझीलंडमधल्या माओरी नर्स इरिहापेती रॅम्सडेन. १९८८ साली माओरी नर्सिंग विद्यार्थिनींच्या एका बैठकीत एका मुलीने विचारलं, की तुम्ही कायद्याची सुरक्षितता शिकवता, उपचारांतली सुरक्षितता शिकवता, मग आमच्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय? रॅम्सडेन यांनी तो प्रश्न सोडला नाही. १९९२ मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने हा विषय नर्सच्या शिक्षणात आणला. त्यावर वर्तमानपत्रांतून टीका झाली, संसदेपर्यंत वाद गेला, तरी तो टिकला. त्यांच्या मांडणीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट: सेवा सुरक्षित होती की नाही, याचा निकाल सेवा घेणारा देतो. नर्सने माओरी चालीरीती पाठ करायच्या, असं त्यांनी कधीच सांगितलं नाही. स्वतःच्या हातातली सत्ता ओळखायला सांगितलं. खाटेवरचा माणूस आणि खाटेशेजारी उभा असलेला माणूस यांच्यात किती अंतर असतं, हे नर्सइतकं कुणाला कळणार?

हे न केल्याने काय होतं, ते कॅनडात दिसलं. क्वेबेक प्रांतात जोलिएतच्या हॉस्पिटलात २८ सप्टेंबर २०२० रोजी जॉयस एशाक्वान ही अतिकामेक समाजाची ३७ वर्षांची बाई वारली. सात मुलांची आई. कर्मचारी आपल्याला काय काय बोलताहेत, हे तिने मरण्यापूर्वी मोबाइलवर थेट दाखवलं, म्हणून जगाला कळलं. चौकशीत या मृत्यूला वंशभेदही कारणीभूत असल्याचं नोंदवलं गेलं. तो देश श्रीमंत, तिथे यंत्रांची किंवा औषधांची टंचाई नव्हती. आपल्याकडे सगळ्याचं खापर टंचाईवर फोडता येतं, म्हणून हे सांगते.

रायपूरचे मंत्रिमहोदय, तुम्हाला माझी विनंती आहे की एकदा गडचिरोलीला जाऊन या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे ‘सर्च’ या संस्थेचं काम सुरू केलं. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. उत्तरं अशी आली, की मोठ्या इमारतीची भीती वाटते. तिथली माणसं पांढरे कपडे घालतात आणि आमच्यात पांढऱ्या कापडात मेलेल्याला गुंडाळतात. बोललेलं कळत नाही. नातेवाइकांना हाकलून देतात. आणि तिथे देव नाही, मग बरं कोण करणार? यातल्या एकाही उत्तरात उपकरणांचा उल्लेख नाही. ती उत्तरं समोर ठेवून ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतला दवाखाना बांधला गेला. गोंडांच्या घरांसारख्या झोपड्या, घरचे लोक पेशंटजवळ राहू शकतील अशी व्यवस्था, आणि दवाखान्याला नाव दंतेश्वरी देवीचं. ही दंतेश्वरी तुमच्या बस्तरची, दंतेवाड्याची. शोधग्रामात दरवर्षी देवीची जत्रा भरते, गावोगावचे प्रतिनिधी जमतात आणि यंदा आरोग्याचा कुठला प्रश्न आधी हातात घ्यायचा, ते सांगतात. त्या जत्रेचं मला फार मोल वाटतं. इमारत कुणीही झोपडीसारखी बांधील. दरवर्षी लोकांसमोर बसून ऐकून घेणं अवघड असतं.

आणि मुंबईच्या मंत्रिमहोदयांनी दल्ली-राजहऱ्याला यावं. भिलाईच्या भट्ट्यांना अनेक दशकं लोहखनिज पुरवणारं हे गाव. खाणीतले ठेकेदारी मजूर शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघात एकत्र आले, ते १९७७ मध्ये. त्याच वर्षी २ आणि ३ जूनला झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जण मारले गेले. पुढे संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचारांवाचून गेल्या. आपलं हॉस्पिटल आपण उभं करायचं, हे कामगारांनी मनावर घेतलं ते तेव्हापासून. आधी छोटा दवाखाना, मग ३ जून १९८३ ला १५ खाटांचं शहीद हॉस्पिटल. पैसे कामगारांच्या वर्गणीचे, विटा-मातीचं काम त्यांच्याच हातचं. डॉक्टर बाहेरून आले, पण आरोग्यसेवक म्हणून कामगार आणि त्यांच्या घरातलीच मुलंमुली तयार केली गेली. अनावश्यक इंजेक्शनं आणि टॉनिकं लिहायची नाहीत आणि का लिहीत नाही हे पेशंटला समजावून सांगायचं, हा तिथला नेम. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ रोजी इथे भिलाईतच झोपेत गोळ्या घालून हत्या झाली. हॉस्पिटल थांबलं नाही, वाढत गेलं.

शहीद हॉस्पिटलात कुणी ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ हा शब्द वापरल्याचं मी ऐकलेलं नाही. पण खाणीतल्या गोंड, हलबा बाईला तिच्याच पाड्यावरची मुलगी ब्लडप्रेशर मोजताना दिसते, तिच्याच बोलीत “काय खाल्लंस?” विचारते, तेव्हा ती बाई लाजत नाही आणि पळूनही जात नाही.

ही दोन्ही ठिकाणं सरकारी नाहीत, याचं मला वाईट वाटतं. तरी सरकारला जमत नाही असं मी म्हणणार नाही. मितानिन योजना छत्तीसगढ सरकारनेच २००२ मध्ये सुरू केली; देशभरातल्या आशा तिच्या मागून आल्या. २०१९ पासून आठवडी बाजारात हाट बाजार क्लिनिक सुरू झाली. बाजाराला आलेली बाई टोपली बाजूला ठेवून रक्त तपासून घेते, हे मी पाहिलं आहे. दवाखाना तिच्या जागी गेला, तिची भीती संपली.

पण याच राज्यात नोव्हेंबर २०१४ सुद्धा घडला. बिलासपूर जिल्ह्यात सकरीजवळ ८ नोव्हेंबरला एका बंद पडलेल्या खाजगी हॉस्पिटलात काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्यातल्या कित्येक जणी पुढच्या काही दिवसांत दगावल्या. गौरेल्याच्या शिबिरात शस्त्रक्रिया झालेली एक बैगा बाईही गेली. इथे बैगा म्हणजे पुजारी नव्हे, ती एक विशेष मागास जमात. अविभाजित मध्य प्रदेशात १९७९ साली निघालेल्या आदेशाने अशा जमातींना नसबंदीची मनाई होती, त्यांची संख्या घटू नये म्हणून. म्हणजे कागदावर बैगा बाईला स्वतः हवी असली तरी शस्त्रक्रिया करून मिळणार नाही, आणि शिबिरात मात्र ती टेबलावर घेतली जाणार. पुढे बैगा जोडपीच उच्च न्यायालयात गेली. आम्हाला मुलं किती हवीत हे आम्ही ठरवू, असं त्यांनी सांगितलं, आणि २०१८ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. त्याआधी २०१६ मध्ये देविका बिस्वास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं होतं.

या प्रकरणाकडे मी पुन्हा पुन्हा वळते. मनाई करणाऱ्यांना वाटत होतं, आपण बैगांचं रक्षण करतो आहोत. शिबिर भरवणाऱ्यांना वाटत होतं, आपण कुटुंबकल्याण करतो आहोत. त्या बाईला दोघांपैकी कुणी विचारलं?

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दलही मला हीच धास्ती आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून त्याच्याविरुद्धची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. तपासणी व्हायलाच हवी, मी तिच्या बाजूची आहे. पण तपासणीनंतर हातात कार्ड ठेवताना ‘वाहक’ म्हणजे आजारी नव्हे, हे मुलीला, तिच्या आईला आणि सासरच्यांनाही त्यांच्या बोलीत सांगायला हवं. नाहीतर ते कार्ड लग्नात तिच्या आड येईल. आणि सिकलसेलच्या वेदनेने तळमळणारा विशीतला मुलगा आकस्मिक विभागात आला, की त्याला “इंजेक्शनसाठी नाटक करतो” म्हणणारं कुणीतरी असतंच. गोंड पोरं सहसा ओरडत नाहीत. गप्प पडून राहतात. म्हणून दुखत नाही, असं धरलं जातं.

आता तुमचे अधिकारी विचारतील, मग मेळघाटात बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डाग देतात तेही संस्कृती म्हणून सोडून द्यायचं का? भामरागड, एटापल्लीकडे पाळीच्या दिवसांत बायकांना कुर्माघरात राहावं लागतं, त्याचं काय? नाही, सोडायचं नाही. डागलेलं बाळ मी हातात घेतलेलं आहे. त्याचं समर्थन मी कधीच करणार नाही. कुर्माघराबद्दल तर तिथल्या बायकाच बोलू लागल्या आहेत, त्यांचं ऐका. पण डागलेलं बाळ घेऊन आलेल्या आईला ओपीडीत सगळ्यांसमोर झापलं, तर तिचं पुढचं मूल कुठे जाईल? भूमकाकडेच, गावच्या वैदूकडे. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी मेळघाटातल्या बैरागडला कोरकू आदिवासींमध्ये अनेक वर्षं काढली. लोकांना बदललेलं पाहायचं असेल तर त्यांच्यात राहावं लागतं, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्याने दाखवलं. प्रथा चुकीची असू शकते. ती पाळणारी आई अपमानाला पात्र होत नाही.

मग करायचं काय? माझ्या मागण्या नर्सच्या आहेत, त्यामुळे किरकोळ वाटतील.

लामा आणि फरारच्या नोंदीत कारणाचा रकाना ठेवा. पेशंट गेला की आठवड्याभरात मितानिनने किंवा आशाने घरी जाऊन, त्यांच्या बोलीत, त्यांच्याच शब्दांत कारण लिहून आणावं. त्या कामाचे तिला वेगळे पैसे द्या. फुकटचं आणखी एक ओझं नको. जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयात गोंडी, हलबी, माडिया, कोरकू बोलणारा दुभाषा पगारी असावा, रात्रपाळीलाही. २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली आहे. तेवढ्यांसाठी प्रत्येक दवाखान्यात एक माणूस मागणं जास्त होत नाही. संमतीचा अंगठा त्याच्यासमोरच घ्यावा.

आवारात नातेवाइकांसाठी छप्पर, पाणी आणि चुलीची जागा असावी. गावचा बैगा, पुजारी खाटेशी येऊन दोन मिनिटं देवाचं नाव घेणार असेल तर त्याला येऊ द्या. सलाईनला त्याने काही होत नाही. बाळंतपणात उकिडवं बसायची सवय असलेल्या बाईला पाठीवर आडवं करून पाय बांधू नका. बाई म्हणेल त्या स्थितीत बाळंतपण करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे. आणि तिच्याजवळ तिचं माणूस असू द्या, सासू, जाऊ, सुईण, जी तिला हवी ती.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छत्तीसगढमध्ये प्रत्येक दवाखान्याची जीवनदीप समिती असते, महाराष्ट्रात रुग्ण कल्याण समिती. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा जिथे लागू आहे, तिथे या समित्यांवर ग्रामसभेने निवडलेल्या आदिवासी बायका असाव्यात, निम्म्याहून अधिक. पुढाऱ्यांनी सुचवलेल्या नकोत. आणि वर्षातून एकदा दवाखान्याने ग्रामसभेसमोर जावं, लामाचं रजिस्टर मोठ्याने वाचून दाखवावं, आणि लोकांनी सांगावं की यंदा दवाखाना आपल्याला कसा वाटला. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने आदिवासी आरोग्यावरचा अहवाल २०१८ मध्ये केंद्राला दिला, त्यालाही आता बराच काळ लोटला. अहवाल खूप झाले. गावकऱ्यांसमोर बसणं अजून सुरू व्हायचं आहे.

सगळीकडे एकदम जमणार नाही, हे मला कळतं. कोरचीचं ग्रामीण रुग्णालय आणि मानपूरचं सामुदायिक आरोग्य केंद्र, या दोन ठिकाणांपासून सुरुवात करा. दोन्ही राज्यांचा रकाना एकच असू द्या, म्हणजे हद्द ओलांडून गेलेला पेशंट दोन्हीकडच्या कागदांतून गळणार नाही. दुभाष्यांच्या प्रशिक्षणासाठी वॉर्डातलं कामकाज शिकवायला कुणी हवं असेल तर मला बोलवा. या भागात माझ्यासारख्या निवृत्त सिस्टर बऱ्याच आहेत, त्यांनाही मी घेऊन येईन. मानधन नको, येण्याजाण्याची बस तेवढी असू द्या.

आपली,
एक निवृत्त परिचारिका